आधी चित्र बघ

"शब्द नंतर. आधी चित्र बघ. नीट बघ, आणि मला सांग काय चाललंय ते."

अक्काचा तो आवाज त्याला अजून जसाच्या तसा ऐकू येतो. दातांत टाचण्या धरलेल्या असायच्या तिच्या, म्हणून आवाज ओठांच्या एका कोपऱ्यातून, चेपून चेपून यायचा. खाली मशीनचं पायडल हलत असायचं आणि वाक्याच्या मध्येच सुई थांबायची, कापड वळायचं, सुई पुन्हा चालू लागायची. बाजूला चिंध्यांच्या ढिगावर तो बसलेला, मांडीवर पुस्तक. घरात पुस्तक असं ते एकच होतं, कुणीतरी टाकून दिलेलं, पाठीचा पुठ्ठा गेलेलं, तळ्यातल्या प्राण्यांचं. आई गेली तेव्हा तो रांगत होता. बाबा मालट्रक चालवायचे आणि घरी पाहुण्यासारखे यायचे, पाहुण्यासारखेच जायचे. शाळा सोडून अक्का, त्याची थोरली बहीण, शिवणाच्या मशीनवर बसली ती बसलीच, आणि दोन बाह्या शिवण्याच्या मधल्या वेळात तिने त्याला अक्षरं शिकवली. म्हणजे तिला वाटलं शिकवली. तो अक्षरं शिकलाच नव्हता. तिच्या तोंडून ऐकून ऐकून त्याने अख्खं पुस्तक पाठ केलं होतं आणि बोट ओळीखाली सरकवत, मान डोलावत, तो ते घडाघडा म्हणून दाखवायचा. एके दिवशी तिने त्याच्या नकळत दोन पानं एकदम उलटली. तो आपला म्हणतोय, बेडूक दगडावर बसला, बेडूक खूश झाला. मशीन थांबलं. तिने सगळ्या ओळींवर आपला तळहात ठेवला, सुईने टोचून टोचून खरबरीत झालेला तळहात, आणि म्हणाली, "कुठाय रे बेडूक?" चित्रात बगळा होता. पांढरा, उंच, एका पायावर. "बेडूक पाण्यात गेला," तो म्हणाला. "नीट बघ. आधी चित्र बघ." त्याने पाहिलं. बगळ्याच्या चोचीतून दोन बारके हिरवे पाय बाहेर आले होते. त्याने भोकाड पसरलं. "पुस्तकात असं लिहिलेलं नाहीये!" अक्काने हात काढला, ओळ वाचली. बगळा तळ्याकाठी उभा आहे. सकाळ झाली आहे. "खरंच की," ती म्हणाली, "लिहिलेलं नाहीये. पण आहे." मग तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या, त्याचं नाक आपल्या पदराला पुसलं आणि हळूच म्हणाली, "माहीत नसेल तर नाही माहीत म्हणावं, टिल्लू. बनवून सांगू नये."

आता टिल्लूचे केस कानांवर पांढरे झाले आहेत आणि तो कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. पदवीच्या शेवटच्या वर्षाला त्याचा एक विषय आहे, ‘शोधनिबंध कसा वाचावा’. विषय त्यानेच मागून घेतला होता, हट्टाने, कमिटीसमोर हात जोडून, तेव्हा विभागप्रमुख बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या होत्या, "वाचायला काय शिकवायचं हो? वाचता येतं म्हणूनच तर इथवर आलीत ती पोरं." सगळे हसले होते. तोही हसला होता. पहिल्याच महिन्यात त्याला कळलं की बाईंचं चुकलंय, आणि दुसऱ्या महिन्यात कळलं की आपलंही चुकलंय, कारण त्यांना वाचता येत नाही हे खरं, पण ते आपल्यालाही शिकवता येत नाही हे जास्त खरं. पोरं निबंध हातात घेत, पहिल्या पानावरचा सारांश पाठ करत, आणि उभी राहून तो जसाच्या तसा ओकत. या संशोधनातून असं सिद्ध होतं की. या अभ्यासाने असं दाखवलं की. कसं दाखवलं? कशावरून? "सर, हे परीक्षेला आहे का?" त्यांच्या तोंडून सारांश ऐकताना त्याला चिंध्यांच्या ढिगावरचं ते पोर आठवायचं, मान डोलावणारं, आणि अक्काची दोन ओळींची गाणी आठवायची, कुठे ऐकली नाहीत, कुणी शिकवली नाहीत, मशीनच्या तालावर तिच्या तोंडात आपोआप आलेली:

दोरा सरला रिळाचा, सुई चाले बिनदोऱ्याची,
भोकं पडती कापडा, शिवण नाही ग कोणाची.

तसंच होतं ते. डोळे ओळीवरून चालायचे, ठक ठक ठक, कागदाला बारीक बारीक भोकं पडायची आणि काही म्हणजे काही जोडलं जायचं नाही. मग त्याने अक्काचाच तळहात वर्गात आणला. निबंधाचं पहिलं पान काढून टाकायचं. नाव, लेखक, सारांश, सगळं दूर. नुसत्या आकृत्यांची पानं घ्यायची, आकृत्यांखालचा मजकूर कात्रीने कापायचा, आणि उरलेल्या चित्रांच्या प्रती काढून वाटायच्या. शब्द पुढच्या तासाला. आज फक्त चित्र. बघा आणि मला सांगा काय चाललंय. पोरं चित्रांकडे बघायची, मग त्याच्याकडे बघायची, मग घड्याळाकडे. वर्षभर हेच. पुढच्या वर्षी हा विषय बंद होणार असं बाईंनी परवा जिन्यात, उतरता उतरता, सांगितलं. आणि त्याला वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही, कारण वाईट वाटण्याची जेवढी म्हणून जागा त्याच्यात होती ती हल्ली सगळी एका खाटेने अडवली होती. तिसऱ्या मजल्यावरचा वॉर्ड, खिडकीपासून दुसरी खाट, खाटेवर अक्का.

पोटात गाठ होती. ती काढली, ती परत आली, आणि येताना एकटी आली नाही. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलताना पेनचं टोपण काढायच्या आणि लावायच्या. एक नवं औषध आहे, त्या म्हणाल्या. त्यासाठी इथेच राहावं लागेल, दर आठवड्याला शिरेतून द्यावं लागतं, त्रास होतो. नाहीतर घरी नेता येईल, दुखण्यावरची औषधं देऊ. "तुम्ही स्वतः जीवशास्त्राचे," टोपण लावत त्या म्हणाल्या होत्या, "या औषधावरचा निबंध मी तुम्हाला देते. वाचा, त्यांच्याशी बोला, आणि ठरवा." त्याने निबंध घेतला आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून, वर्षभर पोरांना जे करू नका म्हणून ओरडत होता, नेमकं तेच केलं. सारांश वाचला. फक्त सारांश. त्यात ‘लक्षणीय वाढ’ असे दोन शब्द होते, आणि त्या दोन शब्दांवर तो जाऊन बसला, जसं पुराच्या पाण्यात कुणी पत्र्यावर चढून बसावं. पुढची पानं त्याने उलटली नाहीत. उलटायला बोट गेलं होतं. कागदाच्या पाठीमागून एका आलेखाची काळी रेघ पुसट दिसत होती, डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी, आणि बोट परत आलं. पहिलं पान त्याने फाडून घेतलं आणि अक्काला वाचून दाखवलं. सोपं करून. मशीनवर बसलेल्या बाईला कळेल असं. "परत वाच," ती म्हणाली. त्याने परत वाचलं. "हे तू सांगतोयस की लिहिलंय?" "लिहिलंय अक्का, हे बघ ना." तिने पान हातात घेतलं, चष्मा नव्हता तरी बराच वेळ धरून ठेवलं, आणि उशीखाली सारलं. "मला काय कळतंय त्यातलं. तू म्हणशील तसं." मग खिडकीकडे बघत, "मशीनवर कापड टाकून ठेवलंयस ना? धूळ बसते." त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी तिला ते दोन शब्द नव्याने सांगत होता, आज या बाजूने, उद्या त्या बाजूने, आणि ती रोज ऐकून घेत होती. उद्या सकाळी डॉक्टरीणबाईंना उत्तर द्यायचं होतं. उत्तर ठरलेलं होतं. घेऊ या, अक्का. घे म्हणतोस तर घेऊ.

आज वर्गात त्याने कागद वाटले तेव्हा बाहेर कुणीतरी भिंतीला यंत्राने भोक पाडत होतं. उन्हाचा एक चौकोन फळ्यावर होता. त्याने नेहमीचं वाक्य म्हटलं, आधी चित्र बघा, आणि खुर्चीत बसून डोळे मिटले. बेडकाच्या पिल्लाची तुटलेली शेपूट परत कशी उगवते, हा आजचा निबंध. दोन महिन्यांपूर्वी हाच दिला होता, त्याच्या आधीही एकदा. पोरांना त्यात काहीच दिसत नाही हे त्याला ठाऊक होतं. आणि मग पहिल्या बाकावरून शंकासुर बोलली. शंकासुर म्हणजे एक बारकी, भुवया सतत आक्रसलेली मुलगी, हे नाव तिला वर्गानेच दिलेलं होतं आणि तिने ते कुठल्यातरी पदवीसारखं स्वीकारलं होतं. "सर, या जिन्यासारख्या रेघा खाली का जातायत?"

जिन्यासारख्या रेघा. शेपटीच्या निबंधात जिने नव्हते. त्याने डोळे उघडले. टेबलावरची प्रत स्वतःकडे ओढली, आणि ओळख पटायच्या आधीच त्याच्या तळहातांना घाम फुटला. कागदाला डोकं नव्हतं, नाव नव्हतं, आकृतीखालचा मजकूर कापलेला होता. पण ती काळी रेघ, डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी, ती त्याने पाठमोरी पाहिलेली होती. एकाच तपकिरी पाकिटात त्याने दोन्ही ठेवले होते. बिनडोक्याचे दोन निबंध, एक वर्गासाठी, दुसरा कशासाठीच नाही. काल संध्याकाळी हॉस्पिटलातून आल्यावर त्याने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कात्री चालवली होती, मजकूर कापला होता, सवयीने, चित्राकडे न बघता. चित्राकडे न बघता! आणि सकाळी शिपायाकडे देऊन प्रती काढून घेतल्या होत्या. हातात कात्री असतानाही त्याला न बघणं जमलं होतं. इतकं तर त्या पोरांनाही जमलं नसतं.

तो उठला. कागद परत द्या, चुकून दुसराच आलाय, असं म्हणायला तोंड उघडलं, आणि त्याच्या लक्षात आलं की वर्ग वाकलाय. सगळी डोकी कागदावर वाकली होती. मागच्या बाकावरचा, जो एरवी हाताची उशी करून झोपतो, तोसुद्धा. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते असं, भलत्या दारातून, आत आलं होतं.

"दोन रेघा आहेत," रेडिओ म्हणाला. रेडिओला कुणी बंद करू शकत नसे. "एक जाड, एक तुटक. दोन्ही वरून निघतात, एकाच जागेहून."

"उभ्या अक्षावर शंभर आहे वर, खाली शून्य. टक्के असतील."

"कसले टक्के?"

"काहीतरी संपत चाललंय. पेशी असतील. नाहीतर माशा."

"माशांना कोण एवढं मोजतंय?"

"सर, माणसं आहेत का ही?" शंकासुरने विचारलं.

त्याने सांगितलं, हो. त्याचा आवाज त्याला भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटला. आजारी माणसं. निम्म्यांना औषध दिलंय, निम्म्यांना नाही.

वर्ग जास्तच कामाला लागला. याचंच त्याला पुढे नवल वाटत राहिलं, की माणसं आहेत म्हटल्यावर त्यांचे आवाज खाली आले पण थांबले नाहीत. आजारी माणसाच्या खोलीत वावरावं तसे ते आवाज एकमेकांना धक्का न लावता फिरू लागले. प्रत्येक पायरी म्हणजे कुणीतरी गेलं, हे झोपाळूने शोधलं. जाड रेघ औषधाची असणार, कारण ती जरा वर आहे, हे रेडिओने. "जरा म्हणजे किती? बोट मावेल एवढी तरी फट आहे का?" शंकासुरने खरंच बोट ठेवून पाहिलं. मधे थोडीशी फट होती, मग रेघा पुन्हा जवळ आल्या, एकमेकींना चिकटल्या, आणि तिथून पुढे कुठली कुठली ते कळत नव्हतं. "आणि खाली काय आहे? वर्षं?" "वर्षं नाहीत रे. महिने असतील." "सर, महिने आहेत का?"

महिने असतील, तो म्हणाला. त्याने मनात महिनेच धरले होते. ‘लक्षणीय वाढ’ म्हणजे काय, याचा जेव्हा जेव्हा विचार केला तेव्हा त्याला महिने दिसले होते, पुष्कळ महिने, एकाला एक शिवलेले, त्यांत अक्का खिडकीशी बसलेली, मशीनवरचं कापड काढलेलं, एखाद्या शेजारणीच्या पोरीचा फ्रॉक मांडीवर. "नाही सर," शंकासुर म्हणाली, अगदी मऊ आवाजात, चूक दाखवताना ती नेहमी मऊ व्हायची, "इथे कोपऱ्यात लिहिलंय. आठवडे."

बाहेरचं यंत्र थांबलं. आठवडे. त्या एका शब्दासरशी त्याच्या डोळ्यांपुढचे सगळे महिने उसवले, आणि फ्रॉक, खिडकी, शेजारणीची पोरगी, सगळं चिंध्यांच्या ढिगावर जाऊन पडलं. तो उभा होता. त्याच्या हातात खडू होता. तो शिक्षक होता आणि पुढचा प्रश्न विचारणं त्याचं काम होतं. "आणि दुसरी आकृती?" त्याने विचारलं. दुसरीत खांब होते, जोडी जोडीने. उलट्या, वेदना, हॉस्पिटलात काढलेले दिवस. औषधाचा खांब प्रत्येक जोडीत उंच होता. "म्हणजे," रेडिओ पहिल्यांदाच हळू बोलला, "जगले जवळपास तेवढेच. पण त्यातले जास्त दिवस इथे, हॉस्पिटलात, उलट्या करत." "पण औषधाने फरक पडलाय ना, सर? जाड रेघ थोडी वर आहेच की. सारांशात काय लिहिलंय?" झोपाळूने विचारलं, आणि तो म्हणाला, "सारांश इथे नाहीये." कुठे आहे ते सांगितलं नाही. सारांश एका उशीखाली आहे, पोरांनो. तो रोज संध्याकाळी बाहेर काढतात आणि परत ठेवतात.

"सर, या बारीक उभ्या खुणा कसल्या? रेघेवर मधे मधे आहेत बघा." शंकासुरचं बोट पुन्हा कागदावर होतं. "कापडावर टाके असतात ना, तशा." त्याने सांगितलं: ती माणसं गेलेली नाहीत. त्यांनी अभ्यास सोडला, किंवा अभ्यास संपला तेव्हा ती होती. तिथपर्यंत ती होती एवढंच लिहिणाऱ्यांना माहीत आहे; पुढे त्यांचं काय झालं, कुणाला माहीत नाही. माहीत नाही, म्हणून पायरी उतरवायची नाही, नुसती खूण करायची. तिने ते लिहून घेतलं. मग भुवया आणखी आक्रसून म्हणाली, "आणि यांना औषध देण्याआधी हा ग्राफ दाखवला होता का?"

"अगं बावळट, ग्राफ यांच्यामुळेच तर झाला," रेडिओ म्हणाला. "ती गेली म्हणून रेघ खाली आली. आधी कुठून दाखवणार?"

"बरं. मग त्यांच्यानंतरच्यांना तरी?"

वर्ग त्याच्याकडे बघू लागला. उन्हाचा चौकोन फळ्यावरून भिंतीवर सरकला होता. माहीत नसेल तर नाही माहीत म्हणावं, टिल्लू. पण त्याला माहीत होतं. "नाही," तो म्हणाला, "सगळ्यांना नाही दाखवत." तास संपल्याची घंटा झाली, आणि त्या वर्षात पहिल्यांदाच घंटा होऊनही कुणी लगेच उठलं नाही. जाताना रेडिओ टेबलाशी थांबला. "सर, आज मजा आली," तो म्हणाला, मग आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच कळलं आणि कान लाल झाले. "म्हणजे मजा नाही. म्हणजे समजलं." त्याने मान हलवली. पोराच्या खांद्यावर थोपटलं. वर्ग रिकामा झाल्यावर त्याने फळा पुसला, काही लिहिलेलं नव्हतं तरी.

हॉस्पिटल कॉलेजपासून लांब नाही. एक चढ, मग चपला दुरुस्त करणाऱ्याची टपरी, काचा विकणाऱ्याचं दुकान, ज्याच्या दारातल्या आरशांतून माणूस तुकड्या-तुकड्याने चालत जातो, मग पार्किंग. दुपारची वेळ, रस्ता पांढरा पडलेला. चालता चालता तो मनातल्या मनात वाक्यं शिवत होता आणि उसवत होता. डॉक्टर म्हणाल्या की. नाही. मी आणखी थोडं वाचलं, तर. नाही. अक्का, आपण घरीच जाऊ या, तुला इथे करमत नाही, हवा बदल होईल. हे बरं होतं. यात खोटं काहीच नव्हतं आणि खरंही काही नव्हतं. सारांश लिहिणाऱ्यांचंही असंच होत असेल का? कुणी खोटं लिहीत नाही. लक्षणीय वाढ झालीच होती, आठवड्यांची असली तरी. बगळा तळ्याकाठी उभा होताच, सकाळ झाली होतीच. आणि मुख्य म्हणजे, सांगून काय होणार? रेघ सांगितल्याने वर जात नाही. न सांगितल्यानेही जात नाही. निदान न सांगता ती उद्या, परवा, एखादा आठवडा, आशेवर झोपेल. मग त्याला तो खांब आठवला, उंच खांब, हॉस्पिटलात काढलेल्या दिवसांचा, आणि त्या खांबाच्या आत, अगदी तळाशी, अक्का कुशीवर वळलेली, हातात सुई खुपसलेली, शिवणाची नव्हे. आशेवर झोपणार ती नव्हतीच. झोपणार तो होता.

वॉर्डात जेवणाची ताटं गोळा करणाऱ्या बाईची गाडी खडखडत गेली. अक्का उशीला टेकून बसली होती, गालफडं आत गेलेली, केसांची वेणी कुणा नर्सने घातलेली, तिला न शोभणारी, दोन पेडांची. खाटेवर तिने एक चादर पसरली होती आणि चादरीचा फाटका काठ बोटांनी चाचपत होती. "या, मास्तर," ती म्हणाली. "बघ जरा, काय शिवण घातलीय. लांडा टाका. आमच्या वेळी असा टाका घातला असता तर गिऱ्हाइकाने कपडा तोंडावर फेकला असता." मग त्याच्याकडे नीट बघून, "जेवलास का? तोंड बघ कसं झालंय. पोरांनी छळलं?"

"नाही," तो म्हणाला. "आज पोरांना आलं. वाचता आलं."

"अगं बाई! सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"मग हसायचं सोडून रडका चेहरा कशाला? वर्षभर माझं डोकं खाल्लंस, येत नाही, येत नाही म्हणून." ती हसली, आणि हसणं पोटात दुखलं म्हणून मधेच थांबली, ओठ मिटून, डोळे मिटून, पूर्वी दातांत टाचण्या धरायची तसं काहीतरी धरून. दुखणं सरल्यावर म्हणाली, "काय वाचलं त्यांनी? बेडकाची शेपूट?"

हो म्हणायचं होतं. जिभेवर हो आलं होतं. गोल, तयार, रोजच्यासारखं. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीचा नातेवाईक मोबाइलवर कुणाला तरी सांगत होता, हो हो, आज बरीच सुधारणा आहे. अक्काची नजर त्याच्या हातातल्या तपकिरी पाकिटावर होती. मग तिने उशीखाली हात घातला आणि ते पहिलं पान बाहेर काढलं. रोज दुमडून दुमडून त्याच्या घड्या पांढऱ्या झाल्या होत्या. तिने ते चादरीवर पसरलं, गुडघ्यावर कापड पसरायची तसं, सुरकुत्या काढत. "हे रोज वाचतोस," ती म्हणाली. "मला आता पाठ झालंय. म्हणून दाखवू?" आणि तिने खरोखरच सुरुवात केली, त्याच्याच आवाजाच्या चढउतारात, त्याच्यासारखी मान डोलावत, "या औषधाने रुग्णांच्या आयुष्यात लक्षणीय..." आणि थांबली. आपला तळहात तिने त्या सगळ्या ओळींवर ठेवला. आता तो खरबरीत नव्हता. सुई सुटून बरेच दिवस झाले होते, कातडी लहान मुलासारखी मऊ, जवळजवळ पारदर्शक झाली होती. पण ठेवण्याची तऱ्हा तीच होती.

"याचं चित्र नाहीये का रे टिल्लू?"

त्याने पाकीट उघडलं. वर्गातली प्रत काढली, कडेला त्याच्या घामाचा डाग पडलेली, आणि तिच्या हाताशेजारी ठेवली. तिने चष्मा मागितला. त्याने दिला. ती बराच वेळ बघत राहिली, बोटाने रेघ शोधत, आणि मग बोट त्याच्यापुढे धरलं. "मला नाही कळत. धर, फिरव माझं बोट."

त्याने तिचं बोट धरलं. तिने एके काळी त्याचं धरलं होतं तसं, नखाच्या वर, हलकंच. वरच्या कोपऱ्यात नेलं. "इथे सगळे आहेत." बोट एक पायरी उतरलं. "हे कोण?" "कुणीतरी गेलं." आणखी एक पायरी. आणखी एक. दोन रेघांमधली ती फट आली, बोट न मावणारी. "ही औषधवाल्यांची, ही बिनऔषधाची." "एवढंच अंतर?" "एवढंच." "ही वर्षं आहेत?" "आठवडे, अक्का." एका बारीक उभ्या खुणेवर तिने बोट थांबवलं, टाका ओळखावा तसं नखाने चाचपलं. "आणि हा?" "इथे कुणीतरी सोडून गेलं. पुढचं माहीत नाही."

"घरी गेलं असेल," अक्का म्हणाली.

बोट खाली उतरत राहिलं. रेघा चिकटल्या, एक झाल्या, आणि एक झाल्यावरही उतरत राहिल्या, आणि कागदाच्या अगदी तळाशी, आडव्या अक्षाला जाऊन टेकल्या. तिथून पुढे कागद कोरा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. चष्म्याच्या भिंगांमागे तिचे डोळे मोठे दिसत होते, आणि ते डोळे चिंध्यांच्या ढिगावर बसलेल्या पोराकडे बघत होते, वाट बघत, घाई न करता, मशीन थांबवून.

"सांग," ती म्हणाली. "काय चाललंय?"

"तू मरणार आहेस, अक्का," तो म्हणाला. "औषध घेतलंस तरी, नाही घेतलंस तरी. मी चित्र बघितलंच नव्हतं."